सात तारांचा साधक : टी. चौडय्या

बंगळुरूच्या मल्लेश्वरम परिसरात व्हायोलिनच्या आकाराचे एक सभागृह आहे. १९८० साली उभ्या राहिलेल्या या वास्तूला व्हायोलिनवादक टी. चौडय्या यांचे नाव दिलेले आहे. ते वाद्य साधे नाही. ते सात तारांचे व्हायोलिन आहे. या सात तारांमागे एका कलावंताचा ध्यास आहे.

चौडय्यांचा जन्म १८९५ साली म्हैसूरजवळील तिरुमकूडलू या गावी झाला. कावेरी आणि कपिला या नद्यांच्या संगमावर हे गाव वसले आहे. म्हैसूरचे थोर गायक बिडारम कृष्णप्पा हे त्यांचे गुरू. त्यांच्याकडे कठोर साधना करून चौडय्या मैफलींत साथ करू लागले.

त्या काळी ध्वनिवर्धक नव्हते. गायकाचा भरदार आवाज दूरवर जाई. परंतु व्हायोलिनचा नाजूक स्वर मागे बसलेल्या श्रोत्यांपर्यंत पोहोचत नसे. गज जोराने ओढावा, तर स्वर कर्कश होई. हळुवार ओढावा, तर तो गायनात विरून जाई. ही उणीव चौडय्यांना सतत बोचत असे. केवळ हाताचा जोर वाढवून भागणार नाही, वाद्याचा नादच बदलला पाहिजे, हे त्यांनी ओळखले.

१९२७ च्या सुमारास त्यांनी व्हायोलिनच्या चार तारांना आणखी तीन तारांची जोड दिली. जोडीच्या तारा एकाच वेळी झंकारू लागल्या आणि नाद भरदार झाला. मात्र हे वाद्य वाजविणे सोपे नव्हते. जोडीतील एक तार किंचित उतरली, तरी माधुर्य नाहीसे होई. सिद्धहस्त वादक असूनही चौडय्यांनी नव्या वाद्यासाठी पुन्हा रियाज केला.

परंपरेला धक्का देणाऱ्या या बदलाविषयी गुरूंची नाराजी ओढवेल, या भीतीने त्यांनी आरंभी हा रियाज गुपचूप केला, असे सांगतात. नादाच्या जाडपणाविषयी काही जाणकारांनी नापसंतीही दर्शविली. तरीही ते डगमगले नाहीत. चेंबै वैद्यनाथ भागवतर यांच्यासारख्या श्रेष्ठ गायकांना त्यांची साथ लाभली. १९५७ साली मद्रासच्या म्युझिक अकादमीने त्यांना 'संगीत कलानिधी' ही पदवी दिली. १९ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे ध्वनिवर्धक सर्वत्र आले आणि चार तारांचे व्हायोलिनच रूढ राहिले. म्हणून चौडय्यांचे श्रम वाया गेले, असे म्हणता येणार नाही. वाद्य निवडताना त्यांनी स्वतःच्या सोयीचा विचार केला नाही. शेवटच्या रांगेत बसलेल्या श्रोत्याचा केला. त्या वास्तूतील सात तारा आजही त्याची साक्ष देतात.

स्वाध्याय
१. चौडय्यांना वाद्याचा नाद बदलण्याची गरज का वाटली?
२. नव्या वाद्यामुळे त्यांच्यापुढे कोणत्या अडचणी उभ्या राहिल्या?
३. 'चौडय्यांचे श्रम वाया गेले नाहीत', याविषयी तुमचे मत लिहा.