शिकाऱ्याआडचा नगरसेवक

जिम कॉर्बेट हे नाव घेतले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे कुमाऊँचे रान उभे राहते. झाडावरचे मचाण, खाली बांधलेले रेडकू, दूरवर उमटणारी सांबराची भेदरलेली हाक आणि रायफल सावरून रात्रभर बसलेला एकटा माणूस! शाळकरी वयात या कथांनी झपाटलेल्या कितीतरी पिढ्या आपल्याकडे आहेत. नैनितालला गेलेल्यांना मात्र कॉर्बेट यांची एक वेगळी खूण पाहायला मिळते. तलावाच्या मल्लीतालकडील टोकाला एक बँडस्टँड आहे. नगरपालिकेचे सदस्य असताना कॉर्बेट यांनी तो स्वतःच्या पैशाने बांधून गावाला दिला. शिकारी म्हणून जगभर गाजलेल्या या माणसाने आयुष्यातील बरीच वर्षे आपल्या गावाच्या साध्या, बिनबोभाट कामात घालवली, हे फारसे कुणाच्या लक्षात राहिलेले नाही.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालचाच. वडील ख्रिस्तोफर तेथे पोस्टमास्तर होते. डोंगरांच्या कुशीतील तलावाभोवती १८४१ नंतर वसू लागलेल्या या गावाला १८४५ मध्येच नगरपालिका मिळाली होती. उन्हाळ्यात प्रांताचे सरकार येथे मुक्कामाला येई. बंगले, क्लब, नौकाविहार असा सगळा थाट होता. पण ही हौस ज्या उतारांवर उभी होती, ते उतार ठिसूळ होते. १८ सप्टेंबर १८८० रोजी मुसळधार पावसात उत्तरेकडचा कडा कोसळला. हॉटेल, नैनादेवीचे मंदिर आणि आसपासच्या इमारती मातीखाली गेल्या. १५१ माणसे मृत्युमुखी पडली. तलावाच्या काठी येऊन साचलेल्या राडारोड्याने तेथील मैदान आणखी रुंद झाले. पुढे याच परिसरात कॉर्बेट यांचा बँडस्टँड उभा राहिला.

तेव्हा जिम पाच वर्षांचे होते. या दुर्घटनेनंतर त्यांच्या कुटुंबाने समोरच्या अयारपाटा टेकडीवर नवे घर बांधले. तेच गर्नी हाऊस. १८८१ मध्ये वडील वारले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आई मेरी जेन यांच्यावर आला. उन्हाळी पाहुण्यांसाठी घरे भाड्याने लावून देण्याचा व्यवसाय करून या बाईने मुले वाढवली. घराचे छप्पर, पाण्याची सोय, शेजारचा उतार हे त्या घरातले रोजचेच विषय असणार. गावानेही धडा घेतला. डोंगरमाथ्यावरचे पाणी जमिनीत न मुरता थेट तलावात उतरावे म्हणून दगडी नाल्यांचे जाळे वाढवण्यात आले. नैनितालमध्ये गटार तुंबणे ही केवळ गैरसोय नसते. त्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

परिस्थितीमुळे जिम यांचे शिक्षण लवकर थांबले. किशोरवयातच ते रेल्वेत इंधनासाठी लाकूड पुरवण्याच्या कामावर लागले. पुढे बिहारमध्ये गंगाकाठच्या मोकामा घाटावर एका मार्गावरचा माल दुसऱ्या मार्गावर चढवण्याचा ठेका त्यांना मिळाला. वीस वर्षांहून अधिक काळ ते तेथे राहिले. सुरुवातीच्या महिन्यांत रेल्वेकडून पैसे आले नाहीत. तेव्हा मजूर पगाराविना काम करत राहिले आणि कॉर्बेट त्यांच्याबरोबर अर्धपोटी राहिले. पैसे आल्यावर नफ्यातला मोठा वाटा ते मजुरांना देऊ लागले. स्टेशनमास्तर रामशरण यांच्या साथीने त्यांनी तेथे कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढली. वेगवेगळ्या जातींची मुले एका इमारतीत बसवण्यास आडकाठी येऊ लागली, तेव्हा एक युक्ती काढण्यात आली. शाळेच्या भिंतीच काढून टाकल्या! वर छप्पर आणि चारही बाजू मोकळ्या, म्हणजे ती इमारत उरली नाही आणि विटाळाचा प्रश्नही उरला नाही. वीस मुलांनी सुरू झालेली ही शाळा पुढे दोनशेवर गेली.

नरभक्षकांच्या शिकारी याच काळातल्या. ४३६ बळी घेणारी चंपावतची वाघीण त्यांनी १९०७ मध्ये मारली, तर १२५ जणांना ठार करणारा रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ मध्ये. चंपावतला जाण्याआधी त्यांनी सरकारला दोन अटी घातल्या होत्या : जाहीर केलेले बक्षीस मागे घ्यावे आणि इतर शिकाऱ्यांना परत बोलवावे. बक्षिसासाठी जीव घेणाऱ्यांत त्यांना आपली गणना नको होती. हीदेखील त्यांच्या लेखी लोकांची सेवाच होती.

पहिल्या महायुद्धात कुमाऊँची तुकडी घेऊन फ्रान्सला जाऊन आल्यावर कॉर्बेट नैनितालला स्थिरावले आणि नगरपालिकेच्या कामात शिरले. तलावाकाठच्या गावाचा कारभार दिसतो तितका सोपा नसतो. पावसाळ्यापूर्वी नाले साफ झाले पाहिजेत, उतारावर बांधकामाला परवानगी देताना हात आखडता घेतला पाहिजे, तल्लीतालच्या दारातून तलावाचे पाणी वेळेवर सोडले पाहिजे. या कामांना टाळ्या मिळत नाहीत. नीट झाली तर कुणाला कळतही नाहीत.

हिवाळ्यात हे कुटुंब पायथ्याच्या कालाढुंगीला उतरत असे. तेथील छोटी हलद्वानी हे गाव कॉर्बेट यांनी १९१५ मध्ये विकत घेतले आणि तेथे कुळे वसवली. रानडुकरे आणि हरणे पिकांत शिरू नयेत म्हणून गावाभोवती दगडी कुंपण घातले. आजारी माणसे औषधासाठी त्यांच्या आणि बहीण मॅगी यांच्या दारी येत. १९३६ मध्ये देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान हेलींच्या नावाने स्थापन झाले, त्यामागेही कॉर्बेट यांचा आग्रह होता. रायफलीऐवजी कॅमेरा हाती घेऊन ते वाघ वाचवण्याची भाषा बोलू लागले होते.

एवढे असूनही ते पूर्णपणे कुणाचेच नव्हते. हिंदुस्थानात जन्मलेला गोरा म्हणून इंग्रजी समाजात त्यांचे स्थान एक पायरी खालचे. आणि गोरा म्हणून ते राज्यकर्त्यांपैकीच एक. स्वातंत्र्यानंतर आपल्यासारख्यांना येथे जागा उरणार नाही, असे त्यांना वाटले. १९४७ च्या नोव्हेंबरअखेरीस बहीणभावांनी गर्नी हाऊस विकून नैनिताल सोडले आणि मुंबईहून जहाजाने केनियाची वाट धरली. ज्या गावाचे नाले, रस्ते आणि माणसे पाठ होती, ते गाव बहात्तराव्या वर्षी पाठीमागे टाकणे सोपे नव्हते. न्येरी येथे एका हॉटेलच्या आवारातील कुटीत राहून त्यांनी पुस्तके लिहिली. त्यांतले 'माय इंडिया' हे १९५२ चे पुस्तक त्यांनी भारतातील गोरगरिबांना अर्पण केले. छोटी हलद्वानीच्या जमिनीचा सारा ते परदेशातूनही भरत राहिले. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथेच त्यांचे निधन झाले. १९५७ मध्ये भारताने हेलींच्या त्या जुन्या उद्यानाला कॉर्बेट यांचे नाव दिले.

उद्यानाचे नाव सर्वांना ठाऊक आहे. बँडस्टँड कुणाचा, हे विचारणारे थोडे. कॉर्बेट गेले की राहिले, याचा हिशेब इतिहास आपल्या रीतीने करील. पण एखाद्या गावचे असणे म्हणजे काय, याचे उत्तर त्या तलावाकाठी दगडात उभे आहे. जन्माच्या दाखल्यापेक्षा गावाच्या नाल्यांची, शाळेची आणि कुंपणाची काळजी वाहण्यातून ते नाते सिद्ध होते. कॉर्बेट यांनी ते सिद्ध केले होते. तरीही त्यांना जावेसे वाटले, ही खंत मात्र त्यांची एकट्याची नाही.