शतकोटीचा संकल्प

हिंगोली जिल्ह्यांत कयाधू नदीच्या कांठीं नरसी हें गांव आहे. श्रीनामदेवांचा जन्म इ. स. १२७० मध्यें येथेंच झाला, असें परंपरा मानिते. घराणें शिंप्याचें, कापड बेतावें व शिवावें, हा कुळाचा धंदा.

ह्या पुरुषानें शतकोटी अभंग रचण्याचा संकल्प केला होता, असें सांगतात. आम्हीं हिशेब करून पाहिला. रोज शंभर अभंग रचले, तरी २७,००० वर्षें पुरणार नाहींत! परंतु नामदेव हिशेब करीत बसले नाहींत. एक अभंग रचावा, कीर्तनांत गावा व पुढील अभंगास लागावें, असा त्यांचा क्रम. त्यांचें पाहून घरचीं माणसेंही रचूं लागलीं. घरांत दळणकांडण करणारी जनाबाई संतकवयित्री झाली. कीर्ति झाल्यावरही त्यांनीं शिकणें सोडिलें नाहीं. औंढा नागनाथ येथें विसोबा खेचरांस त्यांनीं गुरु केलें, अशी कथा आहे. पुढें ते पंजाबांत घुमानपर्यंत गेले व तेथील भाषेंतही पदें रचिलीं. त्यांपैकीं ६१ पदें शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबांत आहेत. इ. स. १३५० मध्यें त्यांनीं देह ठेविला.

आज नामदेवांच्या गाथेंत सुमारे अडीच हजार अभंग आहेत, व त्यांतही कांहीं मागाहून झालेल्या नामधारी कवींचे. म्हणजे संकल्प अपुराच राहिला. तथापि संकल्प अपुरा राहिला म्हणून त्यांतील एकही अभंग उणा ठरला नाहीं. प्रिय वाचकहो, आपल्या मनांत एखादें गीत वा नाटक पुष्कळ दिवस पडून असेल, तर त्याची पहिली ओळ आजच कागदावर उतरावी, इतकीच आमची विनंति आहे.