कागलचा विद्यार्थी, कलकत्त्याचं काउन्सिल आणि लँकेशायरचं कापड

कोगनोळी : निपाणीकडून येताना कोगनोळीचा टोल नाका मागे पडला, दूधगंगेचा पूल ओलांडला की महाराष्ट्र सुरू होतो आणि थोड्याच वेळात कागल लागतं. कागल म्हटलं की लोकांना आधी घाटगे घराणं आणि राजर्षी शाहू महाराज आठवतात, आणि ते बरोबरच आहे. पण याच गावात आणखी एक मुलगा पाटीवर गणितं सोडवत वाढला. पुढं त्यानं कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या तोंडावर इंग्रज सरकारचा जमाखर्च चुकीचा असल्याचं आकड्यांनी दाखवून दिलं. त्याचं नाव गोपाळ कृष्ण गोखले. पुण्यतिथी १९ फेब्रुवारी. त्याच दिवशी शिवजयंती असल्यानं गोखल्यांची आठवण सहसा कुणाला होत नाही.

जन्म कागलचा नाही. ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरजवळच्या कोतळूक गावी ते जन्मले. वडील कृष्णराव नोकरीसाठी घाट चढून कागलला आले, आधी कारकून आणि नंतर फौजदार झाले. त्या काळात कोकणातून घाटावर येणारी अशी घरं पुष्कळ. शेती तोकडी आणि तोंडं जास्त, मग संस्थानात कुठंतरी चिकटायचं. गोपाळचं सुरुवातीचं शिक्षण कागलला झालं. १८७६ च्या सुमारास थोरले भाऊ गोविंदराव यांच्यासोबत त्याला कोल्हापूरला पाठवलं.

१८७९ मध्ये वडील वारले. गोपाळ तेव्हा १३ वर्षांचा. गोविंदरावांनी शिक्षण सोडलं आणि कागललाच १५ रुपये पगाराची नोकरी धरली. त्यातले ८ रुपये ते दर महिन्याला कोल्हापूरला धाकट्या भावाला पाठवत आणि उरलेल्या ७ रुपयांत घर चालवत. गोखल्यांच्या चरित्रांत हा हिशेब हमखास येतो, आणि तो यायलाच हवा. नंतर देशाच्या अंदाजपत्रकावर बोलताना मिठावरचा कर गरिबाच्या घरात किती शिरतो हे या माणसाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

१८८१ ला मॅट्रिक, मग कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, पुण्याचं डेक्कन, मुंबईचं एल्फिन्स्टन आणि १८८४ ला बी.ए. त्या काळी पदवीधराला सरकारी नोकरी सहज मिळायची. गोखले मात्र पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तर झाले आणि नंतर डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य. म्हणजे २० वर्षं तुटपुंज्या पगारावर शिकवायचं बंधन. फर्ग्युसनमध्ये त्यांनी इंग्रजी शिकवलं, गणित शिकवलं, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवलं. त्यांचं अंकगणिताचं पुस्तक शाळाशाळांतून चाललं.

अर्थशास्त्राचे खरे गुरू न्यायमूर्ती रानडे. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकासाठी काम करताना रानडे त्यांच्याकडून सरकारी अहवाल वाचून घेत, टिपणं काढून घेत, चुकलं तर परत करायला लावत. दुसरा माणूस फारसा कुणाला माहीत नाही. गणेश व्यंकटेश जोशी, सोलापूरला सरकारी शाळेत हेडमास्तर होते. सरकारी आकडेवारीचा या माणसाइतका अभ्यास तेव्हा क्वचितच कुणाचा असेल. गोखले अंदाजपत्रकाच्या आधी त्यांना पत्रांवर पत्रं लिहून टिपणं मागवत. भाषण कलकत्त्यात व्हायचं, पण त्याची वही सोलापुरात भरलेली असायची. सरकारी नोकरीत असल्यामुळं जोशींचं नाव मात्र पडद्याआडच राहिलं.

१८९७ मध्ये गोखले पहिल्यांदा विलायतेला गेले. भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढं साक्ष द्यायची होती. साक्ष उत्तम झाली. उलटतपासणीतही ते डगमगले नाहीत. पण त्याच मुक्कामात एक मोठी चूक झाली. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांबद्दल पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला माहिती दिली. परत आल्यावर पुरावा द्यायला कुणी पुढं येईना. गोखल्यांनी जाहीर, बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्यांची फार छीथू झाली आणि काही वर्षं तो डाग पुसला गेला नाही. त्यानंतरची त्यांची भाषणं बघितली तर आकड्याला आधार असल्याशिवाय एक ओळ पुढं सरकत नाही.

१८९९ ला मुंबई कायदेमंडळ आणि १९०१ अखेर फिरोजशहा मेहतांच्या जागी व्हाइसरॉयच्या काउन्सिलवर निवड. हे काउन्सिल म्हणजे आजची लोकसभा नव्हे. सरकारी सदस्यांचं बहुमत ठरलेलं असायचं. अंदाजपत्रकावर वर्षातून एकदा बोलायला मिळायचं, मत द्यायचा अधिकार नव्हता. बोलून घ्या, आम्ही ऐकतो, असा सगळा प्रकार.

२६ मार्च १९०२. खुर्चीत लॉर्ड कर्झन, अर्थखातं सर एडवर्ड लॉ यांच्याकडं. सरकारला ७ कोटींची शिल्लक पडली होती आणि बाकीचे सदस्य अभिनंदन करत होते. दुष्काळ नुकताच माणसं खाऊन गेला होता. गोखल्यांनी अभिनंदनाला सरळ नकार दिला. त्यांचं म्हणणं हिशेबाचं होतं. रुपया घसरून १३ पेन्सच्या आसपास आला होता तेव्हा लंडनला पाठवायच्या रकमेसाठी जास्त रुपये लागत, म्हणून कर वाढवले. पुढं रुपया १६ पेन्सवर बांधला. एका पौंडाला आधी साडेअठरा रुपयांच्या घरात मोजावे लागत होते, आता १५ पुरू लागले. लंडनचा खर्च रुपयांत हलका झाला, वाढवलेले कर मात्र तसेच राहिले. शिल्लक पडली ती देश सुखी झाला म्हणून नव्हे, तर गरजेपेक्षा जास्त वसुली चालू ठेवली म्हणून. दुकानाचा गल्ला भरला म्हणजे धंदा वाढला असं नसतं, गिऱ्हाइकाकडून जादा घेतलेलेही पैसे त्यात असतात.

त्यांनी मागितलं काय? मिठावरचा कर कमी करा, प्राप्तिकराची मर्यादा वाढवा आणि देशी गिरण्यांच्या कापडावरचा उत्पादन कर काढा. पहिल्या दोन गोष्टी पुढच्या काही वर्षांत झाल्या. मिठाचा कर मणामागं अडीच रुपये होता, तो १९०३ ला दोन, १९०५ ला दीड आणि १९०७ ला एक रुपया झाला. प्राप्तिकराची सूट ५०० रुपयांवरून १००० रुपयांवर गेली. तिसरी मागणी मात्र तशीच लोंबकळली, कारण तिथं मँचेस्टर आडवं आलं होतं.

हे प्रकरण नीट समजून घ्यायला हवं. १८८२ मध्ये सरकारनं बहुतेक सगळ्या आयात मालावरची जकात काढून टाकली. खुला व्यापार हे त्याचं नाव. १८९४ मध्ये तिजोरीत खडखडाट झाला, तेव्हा ५ टक्के जकात परत बसली. आधी कापड वगळलं, मग वर्षअखेरीला कापडही घेतलं. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी लंडनच्या पार्लमेंटात आरडाओरडा केला की ही जकात म्हणजे मुंबईच्या गिरण्यांना दिलेलं संरक्षण आहे. त्यावर तोडगा निघाला तो असा. १८९६ मध्ये विलायती कापडावरची जकात साडेतीन टक्के केली आणि देशी गिरणीच्या कापडावरही तेवढाच, साडेतीन टक्के उत्पादन कर बसवला. वजन सारखं झालं, असं सरकारचं म्हणणं.

पण तराजूत दोन्हीकडं सारखी वस्तू नव्हती. लँकेशायर तलम कापड पाठवायचं, आपल्या गिरण्या मुख्यतः जाडंभरडं विणायच्या. जाड्या कापडाची लँकेशायरशी स्पर्धाच नव्हती. तरी त्यावर कर बसला. म्हणजे शेतकऱ्याच्या अंगावरच्या धोतरजोडीनं कर भरायचा, तोही दुसऱ्या देशातल्या गिरणीमालकाला वाईट वाटू नये म्हणून. तिजोरीला त्यातून मिळत होतं काही लाख. गोखले वर्षामागून वर्ष हा विषय काढत राहिले. ज्याच्यावर कर बसतो त्याला विचारलंच जात नाही आणि ज्याला विचारलं जातं तो हजारो मैलांवर, ही त्यांची खरी तक्रार होती.

स्वदेशीच्या दिवसांत टिळकांचा बहिष्कार आणि गोखल्यांची सावधगिरी यांचं भांडण सगळ्यांना ठाऊक आहे. गोखले स्वदेशीच्या बाजूचेच होते. पण लागणारं सगळं कापड आपल्या गिरण्या आणि माग अजून देऊ शकत नाहीत, भांडवल कमी, कारागीर कमी, असा त्यांचा हिशेब होता. १९०७ मध्ये लखनौला त्यांनी तो सविस्तर मांडला. सभेत टाळ्या मिळतील असं ते बोलणं नव्हतं. गरम रक्ताच्या पोरांना ते पचलं नाही, आणि पचावं तरी कसं?

१९०९ च्या कायद्यानं काउन्सिलात ठराव मांडून मत घ्यायची सोय झाली, दिल्लीश्वरांचं सरकारी बहुमत मात्र तसंच राहिलं. ९ मार्च १९११ रोजी पंडित मदनमोहन मालवीय यांनी आयात साखरेवरची जकात वाढवण्याचा विषय मांडला. जावाची साखर स्वस्तात येत होती आणि इथला ऊस-गुळाचा धंदा मार खात होता. कोल्हापूर-निपाणी पट्ट्यातल्या गुऱ्हाळवाल्याला हे दुखणं वेगळं सांगायला नको. गोखले काय म्हणतील असं वाटतं? ताबडतोब जकात वाढवा? नाही. संरक्षण दोन प्रकारचं असतं, असं त्यांनी मांडलं. एक उगवत्या धंद्याला हात देऊन उभं करणारं, दुसरं वजनदार मंडळींच्या खिशात जाणारं आणि गिऱ्हाइकाला नाडणारं. सरकार आपल्या हातात नसताना पहिल्याच्या नावाखाली दुसरंच पदरात पडेल, ही त्यांना धास्ती होती. म्हणून तूर्त खुला व्यापारच कमी धोक्याचा, असा त्यांचा निष्कर्ष. हा निष्कर्ष सगळ्यांना पटेल असं नाही, तेव्हाही पटला नव्हता. जावाची साखर येतच राहिली आणि साखर उद्योगाला खरं संरक्षण १९३२ च्या कायद्यानं मिळालं. त्यानंतर कारखाने भराभर उभे राहिले. गोखले फार जपून चालले असं म्हणायला इथं जागा आहे.

पण १७ मार्च १९१३ च्या चर्चेत त्यांचं जपून चालणं किती मोलाचं होतं ते दिसतं. नागपूरचे सर गंगाधरराव चिटणवीस यांनी ठराव आणला. चीनशी झालेल्या करारामुळं अफूचं उत्पन्न बुडालं आहे, ते भरून काढायला आणि देशी उद्योगांना बळ द्यायला ब्रिटन आणि वसाहतींशी सवलतीच्या जकातीची पद्धत आणता येईल का, ते सरकारनं तपासावं. ऐकायला गोड. समजा, जर्मन मालावर १० रुपये जकात आणि इंग्रजी मालावर ५. बदल्यात ब्रिटन आपल्या मालाला तशीच सवलत देणार. एकाच साम्राज्यातली दोन घरं, एकमेकांना थोडं झुकतं माप. बिघडलं कुठं?

बिघडतं ते आकड्यांत. त्या सुमारास भारताच्या आयातीतला जवळपास दोन तृतीयांश माल ब्रिटनचा असे. निर्यातीतला मात्र फक्त चौथा हिस्सा ब्रिटनला जाई, बाकीचा जर्मनी, जपान, अमेरिका, फ्रान्स, चीनकडं. म्हणजे ब्रिटनला आपल्या बाजारात मोठी सूट आणि आपल्याला त्यांच्याकडं छोटी. शिवाय आपण बहुतेक कच्चा माल विकत होतो, त्यावर ब्रिटनमध्ये जकातच नव्हती, मग सवलत कशावर देणार? उलट जर्मनी-जपाननं रागावून आपल्या कापसावर, कातड्यावर जकात लावली तर ते नुकसान आपलं. कर्झनच्या सरकारनंही १९०३ मध्ये असाच विचार करून या कल्पनेकडं पाठ फिरवली होती. गोखले सवलतीच्या जकातीच्या विरोधात उभे राहिले. जकातीचे दर ठरवणं ज्याच्या हातात नाही, त्यानं असल्या करारात शिरू नये, ही त्यांची भूमिका. चिटणवीसही मराठी, अनुभवी आणि उद्योगांच्या कळकळीनंच बोलणारे. एकाच भाषेतली दोन शहाणी माणसं समोरासमोर होती.

तेव्हा गोखल्यांची तब्येत खालावली होती. मधुमेह जुनाच. आदल्या वर्षीच ते दक्षिण आफ्रिका फिरून आले होते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं त्यांचं विधेयक १९१२ च्या मार्चमध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं होतं. त्याचं दुःख त्यांना जास्त होतं. १९१४ मध्ये सरकारनं देऊ केलेला सर हा किताब त्यांनी नाकारला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात, १९०५ मध्ये स्वतः उभ्या केलेल्या भारत सेवक समाजाच्या घरात त्यांचं निधन झालं. वय ४८. आयुष्यभर ज्यांच्याशी वाद घातला ते टिळक सिंहगडावरून उतरून स्मशानात आले आणि गोखल्यांबद्दल गौरवानं बोलले.

कापडावरचा तो उत्पादन कर डिसेंबर १९२५ मध्ये थांबला आणि पुढच्या वर्षी रद्द झाला. सवलतीची जकात मात्र १९३२ मध्ये ओटावाच्या करारानं आलीच. तिथं भारताच्या वतीनं सरकारनं नेमलेलं शिष्टमंडळ गेलं होतं, सर अतुलचंद्र चॅटर्जी त्याचे प्रमुख. दिल्लीच्या असेंब्लीत कराराला मंजुरी मिळाली, पण चार वर्षांनी, १९३६ मध्ये, याच असेंब्लीनं तो संपवण्याचा ठराव केला. मग ब्रिटनशी नव्यानं बोलणी सुरू झाली. १९३९ चा करार तयार होऊन असेंब्लीपुढं आला तेव्हा सदस्यांनी तो मतदानात फेटाळला आणि सरकारनं आपले विशेष अधिकार वापरून तो अमलात आणला.