वाकलेल्या पट्टीचे गणित आणि अंध ऑयलर

गणित आणि गाणे ह्यांचे नाते जवळचे, असे आपण नेहमी ऐकतो. पण गणितज्ञाने संगीतावर सबंध ग्रंथ लिहिल्याची उदाहरणे थोडीच. लिओनार्ड ऑयलर ह्यांनी असा ग्रंथ लिहिला व तो १७३९ मध्ये प्रसिद्ध झाला. माझे वडील दरबारी गवई, मी संगीतशिक्षक. तेव्हा ऑयलरांची व माझी ओळख ह्या ग्रंथाच्या निमित्तानेच झाली, ह्यात नवल नाही. परंतु त्यांची खरी थोरवी पुढेच आहे.

त्यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे झाला. वडील धर्मोपदेशक, मुलानेही तोच मार्ग धरावा ही त्यांची इच्छा. योहान बर्नूली ह्या थोर गणितज्ञाने मात्र मुलाची बुद्धी पारखली, शनिवारी शनिवारी त्याच्या शंका फेडल्या आणि वडिलांचे मन वळविले. दोन खुंट्यांना टांगलेली साखळी कोणता आकार घेते, हे कोडे १६९१ मध्ये सोडविणाऱ्यांत लायब्निझ व हायगेन्स ह्यांच्याबरोबर हे योहानही होते. साखळी अनेक प्रकारे लोंबू शकली असती. पण ती असाच आकार घेते की तिचा गुरुत्वमध्य शक्य तितका खाली यावा.

साखळीला वाकताना श्रम पडत नाहीत. पोलादी पट्टीला पडतात. मग पट्टीचा नियम कोणता? १७४२ मध्ये योहानांचे पुत्र डॅनियल ह्यांनी ऑयलरांना पत्राने एक कल्पना सुचविली. पट्टीच्या प्रत्येक बिंदूपाशी वक्रता मोजावी, तिचा वर्ग करावा आणि सबंध लांबीभर त्यांची बेरीज घ्यावी. ही बेरीज जिथे लहानात लहान, तोच पट्टीचा आकार. १७४४ च्या आपल्या ग्रंथाच्या पुरवणीत ऑयलरांनी ह्या एका सूत्रातून अशा वक्रांचे नऊ प्रकार काढून दाखविले. सडपातळ खांबाचाही हिशेब तिथेच आहे: खांब दुप्पट उंच केला, तर चौथाई भारानेच तो वाकू लागतो.

उजव्या डोळ्याची दृष्टी त्यापूर्वीच गेली होती. बर्लिनमधील पंचवीस वर्षांनंतर १७६६ मध्ये ते पीटर्सबर्गला परतले, आणि दुसऱ्या डोळ्यानेही दगा दिला. १७७१ मध्ये मोतीबिंदू काढला. थोडे दिवस दिसले, पुन्हा अंधार झाला. त्याच वर्षी घराला आग लागली. ज्याने रेषांच्या आकारांचा शोध घेतला, त्याला आता एकही रेषा दिसत नव्हती. तरी काम थांबले नाही. ते सांगत आणि मुलगा व शिष्य उतरवून घेत. आठशेंहून अधिक लेखनापैकी जवळजवळ निम्मे ह्याच काळातले आहे. शेकडो चिजा वहीशिवाय सांगणारे वृद्ध गवई मी लहानपणी पाहिले आहेत. त्यामुळे मुखोद्गत विद्येचे बळ मला ठाऊक आहे. पण गवयाला निदान पूर्वी मिळालेली चीज आठवायची असते, ऑयलरांना दर दिवशी नवी रचायची होती.

१८ सप्टेंबर १७८३ रोजी, नव्याने सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेविषयी बोलणे झाल्यानंतर, त्यांचा अंत झाला. आज पेशीतील डीएनएचा लांब तंतू कसा वळतो, हे मांडताना शास्त्रज्ञ वक्रतेच्या वर्गांची तीच बेरीज घेतात. उष्णतेने होणारी थरथर तेवढी तिच्यात मिळवितात.