तेलबियांतून शुद्ध साबण : अर्देशीर गोदरेज यांचे जीवनकार्य

प्रातःकाळी स्नान करावे, धूतवस्त्र परिधान करावे आणि मगच जिनमंदिराची पायरी चढावी, हा आपल्या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ आहे. परंतु ज्या साबणाने स्नान केले आणि ज्या साबणाने वस्त्रे धुतली, त्या साबणातच प्राण्याची चरबी असेल, तर त्या शुद्धीला अर्थ काय उरतो? शंभर वर्षांपूर्वीच्या श्रद्धाळू गृहस्थापुढे हा प्रश्न खराखुरा उभा होता. विलायती साबणाच्या वड्या बाजारात येत, त्यांना सुगंध असे, वेष्टन आकर्षक असे. पण आत गुरांची चरबी आहे की डुकराची, हे विचारण्याची सोय नसे. म्हणून अनेक घरांत रिठे, शिकेकाई, डाळीचे पीठ आणि मुलतानी माती यांवरच भागविले जाई. कापडाच्या व्यवसायातही हीच अडचण होती. गिरण्यांत ताण्याच्या सुताला जी कांजी देत, तीत सूत मऊ राहावे म्हणून चरबी घालण्याची पद्धत होती, हे आज फार थोड्या व्यापाऱ्यांना ठाऊक असेल.

या प्रश्नाला कारखान्यातून उत्तर देणारे पुरुष जैन नव्हते, पारशी होते. त्यांचे नाव अर्देशीर बुर्जोरजी गोदरेज.

त्यांचा जन्म मुंबईत २६ मार्च १८६८ रोजी झाला. सहा भावंडांत ते थोरले. १८९० साली त्यांचा विवाह बचूबाईंशी झाला. पण संसार वर्षभरही टिकला नाही. १८९१ साली राजाबाई टॉवरवर गेलेल्या बचूबाई आणि त्यांच्या नात्यातील एक तरुणी या दोघींचा त्या मनोऱ्यावरून पडून अंत झाला. त्या घटनेने सारी मुंबई हादरली. अर्देशीर यांनी पुन्हा विवाह केला नाही. तेवीस वर्षांच्या तरुणाच्या मनावर या आघाताचा काय परिणाम झाला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

कायद्याचे शिक्षण पूर्ण करून १८९४ साली ते एका सॉलिसिटर पेढीच्या वतीने झांझिबारला गेले. तेथे अशिलाची बाजू मांडताना सत्याला मुरड घालावी लागेल असे दिसताच त्यांनी माघार घेतली आणि वकिलीलाच रामराम ठोकून ते मायदेशी परतले. सत्याणुव्रताचे आचरण करणाऱ्या श्रावकालाही हा निर्णय सोपा गेला नसता. पुढे काही काळ त्यांनी मुंबईत औषधविक्रेत्याकडे मदतनीस म्हणून काम केले. औषधे आणि रसायने यांच्याशी त्यांचा जवळून परिचय येथेच झाला.

पहिला उद्योग शस्त्रक्रियेच्या उपकरणांचा. वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांनी भांडवल दिले. माल उत्तम उतरला. परंतु त्यावर भारतात बनविल्याचा छाप नको, अशी अट घेणाऱ्या इंग्रज मालकाने घातली. अर्देशीर यांनी ती मानली नाही आणि धंदा बुडाला. कामांनी पुन्हा विश्वास टाकला. १८९७ साली लालबागच्या गॅस कंपनीजवळच्या एका शेडमध्ये कुलपांचा कारखाना सुरू झाला. त्यापाठोपाठ तिजोऱ्या आल्या, पेटंटे आली, धाकटे बंधू पिरोजशा सोबतीस आले. कुलपांचा आणि तिजोऱ्यांचा हा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून त्याचा विस्तार येथे करीत नाही.

कुलूप आणि साबण यांचा तसा परस्परांशी काही संबंध नाही. पण अर्देशीर यांच्या दृष्टीने दोन्हींत एकच प्रश्न होता : परदेशी माल जे करतो ते येथील कच्च्या मालातून येथील हातांनी, तितक्याच उत्तम प्रतीचे होईल काय? साबणाच्या बाबतीत उत्तर सोपे नव्हते. हे समजण्यासाठी थोडे रसायनशास्त्र पाहावे लागेल.

तेल असो वा चरबी, दोन्हींची मूळ घडण एकच. ग्लिसरीनच्या एका रेणूला मेदाम्लांचे तीन रेणू जोडलेले असतात. हे रहस्य फ्रेंच शास्त्रज्ञ शेव्रल यांनी उलगडले. त्यांचा स्निग्ध पदार्थांवरील ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध झाला. तेलात कॉस्टिक सोड्याचे द्रावण घालून कढविले की ग्लिसरीन सुटे होते आणि मेदाम्लांचा सोडियमशी संयोग होऊन साबण तयार होतो. मग कढईत मीठ टाकतात. मिठाच्या पाण्यात साबण विरघळत नाही, तो वर तरंगतो. ग्लिसरीन आणि मळी खाली राहते. मिठागरांच्या भाईंदर गावाला मिठाचा हा उपयोग मुद्दाम सांगावासा वाटतो.

खरी मेख मेदाम्लांच्या जातीत आहे. गुरांच्या चरबीत पामिटिक आणि स्टिअरिक ही घट्ट मेदाम्ले मिळून साधारण निम्मी भरतात. त्यामुळे त्या साबणाची वडी कठीण होते, पाण्यात लवकर झिजत नाही. शेंगदाण्याच्या किंवा तिळाच्या तेलात ओलेइक आणि लिनोलेइक ही पातळ मेदाम्ले अधिक. त्यांचा साबण मऊ राहतो आणि साबणदाणीत लगदा होतो. शिवाय अशा तेलाचा साबण काही दिवसांनी खवट वास देऊ लागतो. खोबरेलाची गोष्ट निराळी. त्यात सुमारे निम्मे लॉरिक हे लहान मेदाम्ल असते. त्याने वडी कठीण होते आणि फेस भरपूर येतो, अगदी खाऱ्या पाण्यातही. पण नुसत्या खोबरेलाचा साबण कातडी कोरडी करतो. एरंडेलातील रिसिनोलेइक आम्लाने साबणाला मुलायमपणा येतो, मात्र वडीचा घट्टपणा जातो. म्हणजे प्रत्येक बियाण्याच्या तेलाला एक गुण आणि एक दोष. चरबी वगळायची तर या तेलांचा असा मेळ बसवायचा, की एकाचा दोष दुसऱ्याच्या गुणाने झाकला जावा. पातळ तेल हायड्रोजन वायूच्या साहाय्याने घट्ट करण्याची जर्मन शास्त्रज्ञ नॉर्मन यांची युक्ती १९०२ची. पण भारतात तिच्यावर आधारलेला उद्योग उभा राहिला तो १९३०च्या सुमारास. अर्देशीर यांना ती वाट खुली नव्हती.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८-१९च्या सुमारास, गोदरेजांचा चावी छापाचा साबण बाजारात आला. नाव कुलपाच्या धंद्यातूनच घेतलेले. त्यात चरबीचा अंश नव्हता. सारे घटक वनस्पतिजन्य तेलांचे. मागोमाग अंगाचा साबण आला, त्याचे नाव नंबर २. आधी दोन आणि मग एक, असे का? दुसरा क्रमांकच इतका चांगला, तर पहिला केवढा चांगला असेल, असे गिऱ्हाइकाला वाटावे, हा हिशेब. नंबर १ हा साबण १९२२ साली निघाला. व्यापाराची अशी जाण शाळेत शिकविली जात नाही. पुढे रवींद्रनाथ टागोर, ॲनी बेझंट आणि राजगोपालाचारी यांच्यासारख्या मान्यवरांनी या साबणाची जाहीर शिफारस केली.

जगातील पहिला वनस्पतिजन्य साबण गोदरेजांनी काढला, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. सीरियातील अलेप्पो आणि फ्रान्समधील मार्सेय येथे ऑलिव्ह तेलाचा साबण कित्येक शतके बनत आला आहे. अर्देशीर यांचे श्रेय वेगळे आहे आणि ते कमी नाही. चरबीच्या साबणाशी किमतीत आणि प्रतीत टक्कर देणारी वडी त्यांनी भारतात तयार केली आणि शाकाहारी घरांना ती निःशंक मनाने वापरता येऊ लागली. ज्या देशात काडतुसांच्या चरबीवरून १८५७चा भडका उडाला, त्या देशात ही साधी गोष्ट नव्हती. १९८३ साली वनस्पती तुपात चरबी मिसळल्याचे प्रकरण देशभर गाजले, तेव्हा हा प्रश्न जुना झालेला नाही हे पुन्हा दिसले.

साबणाच्या वेष्टनावर आज टी.एफ.एम. म्हणून जो आकडा छापतात, तो याच मेदाम्लांचे प्रमाण सांगतो. भारतीय मानकानुसार पहिल्या प्रतीच्या अंगाच्या साबणात ते किमान ७६ टक्के असावे लागते. मात्र ती मेदाम्ले बियाण्याची की प्राण्याची, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी घटकांची यादीच वाचावी लागते.

अर्देशीर यांची स्वदेशीवरील निष्ठा डोळस होती. १९२१ साली त्यांनी टिळक स्वराज्य फंडास ३ लाख रुपये दिले. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. तरीही निकृष्ट माल केवळ स्वदेशी आहे म्हणून लोकांनी सोसावा, हे त्यांना मुळीच मान्य नव्हते, आणि त्या बाबतीत गांधीजींशी मतभेद व्यक्त करण्यास ते कचरले नाहीत. ग्राहकाने त्याग करायचा आणि कारखानदाराने आळस, हा सौदा त्यांना पटण्यासारखा नव्हता. हिशेबाच्या वहीत मुरलेल्या व्यापाऱ्यालाही हेच पटेल.

१९२८ साली धंद्याची सूत्रे पिरोजशांच्या हाती सोपवून ते नाशिकला गेले आणि शेतीत रमले. तेथेही त्यांचे प्रयोग चालूच होते; शेतीने मात्र कारखान्यासारखी साथ दिली नाही. १९३६ साली त्यांचे निधन झाले. त्यांना अपत्य नव्हते. पिरोजशांनी १९४३ साली विक्रोळीची जमीन घेतली आणि लालबागच्या शेडमध्ये सुरू झालेला पसारा पुढे तेथे वाढत गेला.