खंजिरीचा नाद आणि चिमूरचे रान

न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये २००६ साली झालेल्या रोलिंग स्टोन्सच्या मैफलीवर मार्टिन स्कोर्सेसी यांनी चित्रपट केला. साठीच्या आसपासचे चार वादक, चेहऱ्यावर सुरकुत्यांचे जाळे आणि तरीही रंगमंच दणाणून सोडणारी त्यांची ऊर्जा पाहताना विदर्भातील जुन्या माणसाला एक वेगळाच गायक आठवतो. त्याच्या हाती गिटार नव्हती. चामड्याने मढविलेली, कडेला झांजांच्या चकत्या असलेली खंजिरी होती आणि समोर तिकीट काढून आलेले प्रेक्षक नव्हेत, तर बैलगाड्या जुंपून आलेली गावेच्या गावे असत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा हा जलसा सुमारे चार दशके अखंड चालला.

अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ साली जन्मलेल्या माणिक बंडोजी इंगळे या मुलाचे शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपलीकडे गेले नाही. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्याचे गुरू. माणिकचा तुकड्या झाला तो त्यांच्यामुळेच. किशोरवयात घर सोडून तो रानात शिरला आणि येथेच चंद्रपूरशी त्याची गाठ पडली. ताडोबाच्या जंगलाला लागून असलेली रामदिघी आणि चिमूर तालुक्यातीलच गोंदोडा येथील गुहा ही त्याची साधनास्थळे. गुहेतील योगी, वाघांचा शेजार अशा अनेक कथा त्या भागात सांगितल्या जातात. त्यातील श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. सागवान आणि बांबूच्या त्या रानात राहणारा माणूस कसा जगतो, काय खातो आणि कशाला भितो, हे या गायकाने शहर पाहण्याआधी पाहिले होते.

१९३५ मध्ये सालबर्डीच्या महायज्ञाला लोटलेल्या गर्दीने त्यांचे नाव सर्वदूर नेले. त्याच वर्षी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. पुढच्या वर्षी गांधीजींच्या निमंत्रणावरून सेवाग्रामला काही काळ मुक्काम झाला. भजनातला परमेश्वर त्यानंतर हळूहळू गावाच्या वेशीवर, विहिरीवर, शाळेच्या पडवीत येऊन बसला.

खरी कसोटी लागली ती १९४२ साली. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर पेटले. गोळीबारात कोवळ्या वयाच्या बालाजी रायपूरकरांसारखे तरुण धारातीर्थी पडले. संतप्त जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. त्यानंतर गोऱ्या फौजेने गावावर, विशेषतः स्त्रियांवर जे अत्याचार केले, त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांना ६३ दिवस उपोषण करावे लागले. या उठावामागे तुकडोजींच्या खंजिरीची चेतना होती, असे सरकारलाही वाटले. २८ ऑगस्टला त्यांना चंद्रपुरात अटक झाली. नागपूर व रायपूरच्या तुरुंगांतून ते डिसेंबरात सुटले.

भजन ऐकून उठलेल्या माणसांच्या मृत्यूचे ओझे गाणाऱ्याच्या मनावर किती असते, हा प्रश्न चरित्रकार सहसा टाळतात. सुटकेनंतरच्या कामाकडे पाहिले तर उत्तराची दिशा मात्र दिसते. १९४३ पासून गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव निघू लागल्या. सामुदायिक प्रार्थना, ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, अस्पृश्यतानिवारण असा कार्यक्रम ठरला. क्षणिक उद्रेकाची जागा रोजच्या शिस्तीने घेतली. १९५५ मध्ये ते जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले. खंजिरी तेथेही सोबत होती. ४१ अध्यायांची ग्रामगीता त्याच वर्षीची.

प्रकृती खालावली तरी दौरे थांबले नाहीत. १९६२ च्या चीन युद्धात आणि १९६५ च्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धात ते सीमेवर जाऊन जवानांसमोर गायले. पुढे कर्करोगाने गाठले आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. साठीची मैफल त्यांच्या वाट्याला आली नाही.

त्यांच्या आवाजातील ध्वनिमुद्रणे आहेत, ती आजही ऐकता येतात. झाडीपट्टीत मात्र ते ध्वनिफितीपेक्षा गावच्या मंडळातूनच अधिक ऐकू येतात. ब्रह्मपुरीजवळच्या अड्याळ टेकडीवर तुकारामदादा गीताचार्यांनी ग्रामगीतेचा प्रयोग आयुष्यभर चालविला. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठलीही. नागपूर विद्यापीठाला २००५ मध्ये तुकडोजींचे नाव मिळाले. पण २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ वेगळे झाले आणि ज्या रानाने त्यांना घडविले, तेथील महाविद्यालये त्या नावापासून दूर गेली. याची फारशी चर्चाही झाली नाही.

पुण्यतिथीला मोझरीत दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी सारे स्तब्ध उभे राहतात. चिमूर, ब्रह्मपुरी, वडशाकडून आलेल्या भगव्या टोप्या त्या गर्दीत असतात. आयुष्यभर गात राहिलेल्या माणसाला दिलेली ही मौन मानवंदना आटोपली की कोठूनतरी पुन्हा खंजिरीवर थाप पडते.