विश्लेषण : शिकारी सलीम अली पक्ष्यांचे रक्षक कसे झाले?

सहस्रकुंड धबधब्याजवळचे इस्लापूर आज नांदेड जिल्ह्यात असले, तरी १९५६ पर्यंत ते हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. या राज्यातील पक्ष्यांचे पद्धतशीर सर्वेक्षण १९३१-३२ मध्ये डॉ. सलीम अली यांनी केले. पक्षीरक्षक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अलींच्या हातात तेव्हा बंदूकही होती.

सुरुवात शिकारीतून?

होय. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी जन्मलेले अली लहानपणीच पोरके झाले आणि मुंबईत खेतवाडीला मामांकडे वाढले. थोर शिकारी व्हायचे त्यांचे स्वप्न होते. घरट्याशी बसलेला चिमणा त्यांनी छर्ऱ्याच्या बंदुकीने टिपला, तर मादीने दुसरा जोडीदार आणला. सात दिवसांत असे आठ नर त्यांनी मारले आणि तशी नोंदही केली. पुढे पिवळ्या कंठाची चिमणी मारल्यावर ती ओळखता येईना. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथे डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला आणि मुलाच्या आयुष्याची दिशा बदलली.

हैदराबादेत काय केले?

मानधन न घेता, केवळ खर्चाच्या बोलीवर त्यांनी हे काम पत्करले. पत्नी तहमिना सोबत होत्या. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे पक्षी मारून नमुने जमवले जात. प्रत्येक नमुन्याला ठिकाण, तारीख, लिंग लिहिलेली चिठ्ठी बांधली जाई.

मग शिकाऱ्यात आणि त्यांच्यात फरक काय?

अलींच्या मते अभ्यासासाठी मोजके पक्षी मारणे आणि हौसेखातर थवे पाडणे ही एक गोष्ट नव्हे. भरतपूरला १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. स्वातंत्र्यानंतर तेच तळे शेतीसाठी आटवण्याची मागणी झाली, तेव्हा अलींनी ते वाचवण्यासाठी थेट पंतप्रधान नेहरूंपर्यंत शब्द टाकला. तिथे पक्षी पकडून, पायात कडी घालून पुन्हा सोडण्याचे कामही त्यांच्या देखरेखीखाली चालले. १९८२ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले.

आज याचा अर्थ काय?

१९८५ च्या आत्मचरित्रात अलींनी बंदूक लपवली नाही. त्या आठ चिमण्यांचा हिशेबही दिला. २० जून १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. तोवर वन्यजीव संरक्षण कायदा (१९७२) लागू होऊन पंधरा वर्षे झाली होती. या कायद्यानुसार संशोधनासाठीही लेखी परवानगी लागते. चुलीवरच्या एका तितरासाठी लावलेला फासाही गुन्हाच ठरतो. कायद्याचा पहारा मात्र प्रत्येक बांधावर नसतो. तिथे आपण काय मारले आणि कशासाठी, याचा जाब माणसाने स्वतःलाच द्यायचा असतो. अलींनी तो उभ्या जगासमोर दिला.